‘अपना आदमी है’ हा कागद नव्हे

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने मला एक व्हिडिओ पाठवला. वन आरके फ्लॅट, मशिदीपासून दोन मिनिटं, चार लाख बुकिंग, बाकीचे हप्त्याने, बँकेची कटकट नाही, व्याज नाही. व्हिडिओत लिफ्ट दाखवली नव्हती, लिफ्टचा खड्डा दाखवला होता. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, ईदनंतर त्याचा निकाह ठरला आहे. चार लाख त्याने सहा वर्षांत साठवलेत.

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. बांधकामाची परवानगी आहे का? महारेरा नंबर काय? सातबाऱ्यावर नाव कोणाचं? त्याचं उत्तर एका ओळीत आलं: “भाई, अपना ही आदमी है. पांच वक्त का नमाजी है.”

हेच वाक्य मी २००९ मध्ये आमच्या घरात ऐकलं होतं. मुंबईच्या बाहेर सरकत गेलेल्या एका वस्तीत अब्बूंनी पाच मजली इमारतीत दोन खोल्या घेतल्या. गावच्या शेतातला वाटा विकला, अम्मीचे दागिने मोडले, नऊ लाख दिले. हातात काय आलं? शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणि त्यावर नोटरीचा शिक्का. पाच वर्षांनी जिन्यात नोटीस चिकटली: इमारत अनधिकृत आहे, खाली करा. बिल्डरचा फोन बंद. अब्बू पोलिसांत गेले नाहीत. “अपने ही आदमी के खिलाफ कैसे जाऊं,” असं म्हणत राहिले. पुढची सात वर्षं आम्ही हेवी डिपॉझिटच्या दोन खोल्यांत काढली.

म्हणून हा लेख. घर कुठे घ्यावं यावर सल्ला देणारे व्हिडिओ खंडीभर आहेत. पण ते ज्या ग्राहकासाठी बनतात त्याला सगळ्या सोसायट्यांचे दरवाजे उघडे असतात आणि खिशात बँकेचं कर्ज असतं. आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यावर आपण आपसात मोकळेपणाने बोलत नाही.

आपण इथे कसे आलो

आधी एक गोष्ट कबूल करू. अरुंद गल्लीत, बिनपरवाना इमारतीत घर घेणारा माणूस मूर्ख नसतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतल्या मिश्र वस्त्यांतून हजारो कुटुंबं उठली आणि मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. त्यांना दर्जेदार बांधकाम नको होतं असं नाही, त्यांना रात्री झोप हवी होती. त्यानंतरच्या पिढीने नाव सांगितल्यावर एजंटचा बदललेला सूर ऐकला आहे. “फ्लॅट कालच गेला हो” हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येक भाडेकरूला पाठ आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही सुरक्षिततेच्या भीतीने आणि घर नाकारलं जाण्याने मुसलमान ठरावीक वस्त्यांत कोंडले जात असल्याची नोंद केली होती.

पण याचा बाजारावर काय परिणाम होतो ते पाहा. ज्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला विकणाऱ्याला मालाची काळजी करावी लागत नाही. रस्ता नाही, पाणी टँकरचं, इमारतींत हात घालता येईल इतकं अंतर, तरीही फ्लॅट जातो. कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं: “एरिया अपना है ना?” आणि तिथेच थांबतं. नाकारणाऱ्याने आपल्याला कोपऱ्यात ढकललं हे खरं. त्या कोपऱ्यात आपल्याला लुटलं ते मात्र बहुतेक वेळा आपल्याच भाषेत सलाम करणाऱ्याने. पहिल्या अन्यायाबद्दल आपण बोलतो, दुसऱ्याबद्दल गप्प बसतो.

या गप्प बसण्याची किंमत फक्त पैशात मोजली जात नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. इमारत बेकायदा होती. वर मजले चढत होते आणि खाली लोक राहायला आले होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही जेमतेम दहा वर्षांची इमारत पडली, १६ जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, भिवंडीत जिलानी बिल्डिंग पहाटे झोपलेल्या लोकांवर कोसळली, कितीतरी जण दगावले. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. पण आत राहणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी त्या इमारतीचा कागद पाहिला असेल, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी तोच राहतो.

बँक नाही म्हणजे बरकत नाही

आपल्यातले बरेच जण व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे आणि त्याचा आदर राखूनच पुढचं लिहितो.

बँक कर्ज देण्याआधी स्वतःच्या फायद्यासाठी एक काम करते. तिचा वकील मागच्या अनेक वर्षांचे व्यवहार तपासतो, जमिनीचा मालक कोण ते पाहतो, परवानग्या बघतो. कर्ज न घेणाऱ्याच्या आयुष्यातून व्याज जातं, पण त्याबरोबर ही तपासणीही जाते. बिनपरवाना इमारतीचा बिल्डर नेमकं हेच हेरतो. “बँकेची कटकट नाही” असं तो सांगतो, तेव्हा अनेकदा खरा अर्थ असतो: या इमारतीवर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. तुम्हाला कर्ज घ्यायचं नसलं, तरी बँकेत जाऊन एवढं जरूर विचारा की या इमारतीवर कर्ज मिळतं का. ‘नाही’ आलं, तर का, हे कळेपर्यंत बयाणा देऊ नका.

जे काम बँकेचा वकील करतो ते तुम्ही स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागा. त्याला लागणारे काही हजार रुपये लाखांच्या व्यवहारापुढे काहीच नाहीत. वकील मात्र बिल्डरने सुचवलेला नको.

आणि ज्यांना लेखी मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं वाटतं, त्यांच्यासाठी एक आठवण. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार घेण्याबद्दल आहे. आपला नमाजी बिल्डर कागद दाखवायला का कचरतो, हे त्यालाच विचारायला हवं.

कागद वाचायला शिका

हे वकिलाचं काम आहे असं म्हणून सोडू नका. निम्मं काम मोबाइलवर होतं.

महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेला नवा प्रकल्प तिथे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन करा: मंजुऱ्या, जमिनीवरचा बोजा, ताबा देण्याची तारीख, सगळं समोर येतं. ग्राहकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला बंधनकारक आहे. करारनामा नोंदवण्याआधी तो किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा वेळेत दिला नाही, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. हे सगळे हक्क वापरणं सोपं जातं ते नोंदणी केलेल्या प्रकल्पात. नोंदणीच नसेल, तर भांडणाची सुरुवातच मागच्या पायावर होते.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. पॉवर ऑफ अॅटर्नीवर घर ‘विकत’ घेतल्याने मालकी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नोंदणी झाली की इंडेक्स टू मिळतो, तो जपून ठेवा.

इमारत बांधायला सुरुवात करण्याची परवानगी वेगळी आणि राहायला जाण्याचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, वेगळं. ओसी नसलेल्या इमारतीत नळाचं पाणी मिळायलाही अडचण येते आणि आयुष्यभर टँकरवाल्याचा हप्ता चालू राहतो.

जुन्या मोहल्ल्यात घर घेताना दोन गोष्टी खास पाहा. पहिली, वारस. आजोबांचं घर एक भाऊ विकतो, पण वारशात बहिणींचाही हिस्सा असतो. “बहनों ने माफ कर दिया” हे तोंडी सांगणं चालत नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवा म्हणा, नाहीतर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. माफी खरंच मनापासून होती का, हेही कधीतरी त्या बहिणींना विचारायला हवं. दुसरी, वक्फ. वक्फ जमिनीची विक्री कायद्याने निषिद्ध आहे आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर असा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. मुतवल्लीने सही केली म्हणून मालकी येत नाही. ती जमीन उद्याच्या यतीम मुलांची आहे, तिच्यावर आपला हॉल-किचन उभा करणं हा नुसता कायद्याचा प्रश्न नाही.

“थांबा, पुढे रेग्युलर होऊन जाईल,” असं प्रत्येक एजंट सांगतो. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. पण प्रत्येक घर त्यात बसत नाही आणि बसलं तरी शुल्क भरावं लागतं. जे आधीच राहतायत त्यांनी ही संधी जरूर साधावी. नव्याने घेणाऱ्याने तिच्या भरवशावर घेऊ नये. बुलडोझरबद्दलही तेच. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. आरोपीचं घर शिक्षा म्हणून पाडता येणार नाही असं बजावलं, ते फार मोलाचं आहे. पण त्या निकालाने बेकायदा इमारत कायदेशीर होत नाही. पंधरा दिवसांत आपण दाखवणार काय? कागदच ना?

गुंतवणूक कोणाला परवडते

राहायचं घर आणि गुंतवणुकीचं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं घर राहण्यासाठी घ्या, भाव वाढेल की नाही ही चिंता सोडा. दुसऱ्याच्या आधी साधा हिशोब करा. तीस लाखांचा फ्लॅट महिना साडेसात हजार भाड्याने गेला, तर वर्षाचे नव्वद हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, एखादा रिकामा महिना वजा करा. खरेदीच्या वेळी शहरात मुद्रांक शुल्कापोटी सहा-सात टक्के गेले, ते वेगळेच. हीच रक्कम एखाद्या छोट्या धंद्यात किंवा बहिणीच्या बी.फार्मच्या फीमध्ये काय परतावा देईल, हाही हिशोब मांडून बघा.

प्लॉटच्या जाहिरातींपासून तर दोन हात लांब राहा. विमानतळ, कॉरिडॉर, ‘फार्म हाउस प्लॉट’, ‘फक्त पाच गुंठे’. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बिनशेती आदेश पाहिल्याशिवाय प्लॉट म्हणजे शेतच. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल, तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बँक, कोर्टाचा दावा असं काहीही लपलेलं असतं. बरेच जण नाव बघतात आणि तो रकाना वाचतच नाहीत.

कोकणातल्या आपल्या भावांना वेगळं सांगायचं आहे. खाडीच्या देशांत उभं आयुष्य घालवून गावात तीन मजली बंगला बांधायचा, आणि वर्षातून एक महिना त्यात राहायचं, हे रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत दिसतं. खाली म्हातारी अम्मी, वरचे दोन मजले कुलुपात. तो पैसा हौसेचा आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नका. आणि जागा निवडताना नदी बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, ते अजून कोणी विसरलेलं नाही. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. नकाशा मागा, आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही विचारा की पाणी कुठवर आलं होतं. एजंटपेक्षा तो जास्त खरं सांगेल.

मग घ्यायचं कुठे?

माझं मत सांगतो. मशीद जवळ हवी ही इच्छा चुकीची नाही. लग्न-मयताला माणसं हवीत, हलाल दुकान हवं, मुलांना सलाम करायला शेजारी हवेत. पण ही यादीतली एक गोष्ट आहे, सगळी यादी नाही. त्याबरोबर विचारा: नळाला पाणी किती वेळ येतं? मुलीला एकटीला कॉलेजला जाता येईल का, की बस नाही म्हणून दहावीनंतर घरी बसेल? रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेल का? आग लागली तर बंब? जागा पाहायला एकदा रविवारी जा, एकदा मंगळवारी संध्याकाळी, आणि एकदा जुलैच्या पावसात. सोबत बायकोला, बहिणीला, अम्मीला न्या. घरात सर्वांत जास्त वेळ कोण असतं आणि पाणी कोण भरतं, त्यांना विचारल्याशिवाय सही होऊच नये. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही सांगून ठेवतो.

आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनी मिश्र वस्तीतलं घर आधीच नाकारू नये. नकार मिळेल या भीतीने आपण स्वतःच स्वतःला नकार देतो. महारेराकडे प्रकल्प नोंदवताना बिल्डर प्रतिज्ञापत्र देतो, त्यात फ्लॅट देताना कोणत्याही ग्राहकाबाबत भेदभाव करणार नाही असं लिहिलेलं असतं. ते त्याच वेबसाइटवर सापडतं. त्याची प्रत काढा आणि टेबलावर ठेवा. सहकारी सोसायटीने पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारलं, तर निबंधकाकडे दाद मागता येते, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवलाच नाही, तर सभासदत्व मिळालं असं मानलं जातं. कायदा पूर्ण आपल्या बाजूने आहे असा भ्रम नको. एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा सोसायटीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध मानला होता. भाडेकरूच्या हातात तर फारच थोडं आहे. पण जे आहे ते वापरलं नाही, तर तेही आटत जाईल. लेखी अर्ज करा, पोच घ्या, नकारही लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच जाता येत नाही.

शेवटी, एक काम आपल्या हातात आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात कायदा शिकणारी दोन-चार मुलंमुली आहेत, मोबाइल हाताळणारे तर शेकड्याने. महिन्यातून एक जुम्मा नमाजीनंतर मशिदीच्या ओट्यावर किंवा शाळेच्या खोलीत टेबल टाका. घर घेणाऱ्याने कागद आणावेत, यांनी महारेरा, सातबारा, इंडेक्स टू काढून दाखवावं. वकील आठवड्यातला एक तास देईल. परवानगीशिवाय बांधणाऱ्या बिल्डरकडून मशिदीचा पंखा किंवा इफ्तारीची देगही स्वीकारू नका. त्या देगीत कोणाच्या तरी अम्मीचे दागिने शिजलेले असतात.

मावसभावाने त्या एजंटला महारेरा नंबर विचारला. आधी “मिल जाएगा” असं उत्तर आलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर त्याचा नंबर ब्लॉक झाला होता. मुलगा चिडला, म्हणाला, “भाई, डील हातातून गेली.” चार लाख अजून त्याच्या खात्यात आहेत. निकाह भाड्याच्या खोलीत होईल. अब्बूंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उसको बोल, मैं साथ चलूंगा देखने. कागज मैं भी पढूंगा.”